आजेसासूबाईंचं सिंगर मशीन: मोटर लावू, बदलू की तसंच ठेवू?

एका मैत्रिणीचं पत्र आलंय, ते थोडं आटोपशीर करून देतेय.

"ताई, नमस्कार. आम्ही बडोद्याला अकोट्यात राहतो. माझ्या आजेसासूबाईंचं काळं सिंगर पायमशीन आता माझ्याकडे आलंय. त्या इथल्या स्त्री उद्योगालय ह्या बायकांच्या संस्थेत शिवण शिकल्या होत्या आणि दांडिया बाजारच्या जुन्या घरी सगळ्या घराचे कपडे ह्याच मशिनवर शिवायच्या. त्या गेल्यावर मशीन नुसतं पडून होतं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं तेव्हा त्याचा स्टँड गुडघाभर पाण्यात होता, वरचं मशीन वाचलं. मी क्लास केलाय, आता घरून ब्लाउज शिवते, सोसायटीतल्या बायका नवरात्रीसाठी चणियाचोळी पण शिवून मागतायत, आणि लेगिंग्ज, मुलांचे टीशर्ट असली दुरुस्तीची कामं येतच असतात. पण मशीन त्रास देतंय. टाके सुटतात, खालून दोऱ्याचा गुंता होतो, पायडल इतकं जड की दोन तासांत पोटऱ्या भरून येतात. मिस्टर म्हणतात मोटर लावून टाक. दुकानदार म्हणतो हे द्या, नवीन ऑटोमॅटिकमध्ये पंधराशे कमी करतो. आणि आतेसासूबाईंना कळलं तर त्यांनी फोनवर सांगितलं की आईचं मशीन विकायचं नाही. मी शिवणारी, पण निर्णय सगळेच घेतायत. काय करू?"

अगं, सगळ्यात आधी एक सांगते, एक्स्चेंजला देऊ नकोस. आतेसासूबाई म्हणतात म्हणून नाही, आणि जुनं ते सोनं वगैरे पण मी म्हणणार नाही. पंधराशे रुपये ही त्या मशिनची किंमत नाहीच, बिडाच्या स्टँडचं भंगारात वजन केलं तर जे येईल त्याच्या आसपासचा आकडा आहे तो, आणि दुकानदाराला नवीन मशीन विकायचंय, त्यात त्याचं काही चूक नाही, पण तू त्याच्या हिशोबाने का चालायचं. तुझ्या पत्रात मला तीन तक्रारी दिसतायत आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या आहेत, तिन्हींची कारणं बहुतेक वेळा स्वस्तात सुटणारी असतात. ती न शोधता मोटर लावलीस तर तेच आजारी मशीन फक्त जोरात पळेल आणि टाके जास्त वेगाने सुटतील. नवीन घेतलंस तर पैसे जातील आणि ज्या कामासाठी घेतलं ते काम त्यावर होतं की नाही हे नवरात्रीच्या गर्दीत कळेल. म्हणून आधी हे मशीन जसं चालायला हवं तसं चालवून बघायचं, मग त्यावर काय होत नाही ते बघायचं आणि जे होत नाही तेवढ्यासाठीच पैसे घालायचे.

जड पायडलपासून सुरू करू, कारण मला वाटतं तुझा खरा त्रास तिथे आहे आणि मिस्टरांना मोटर पण त्याचमुळे सुचली असणार. एक साधी तपासणी कर. वरच्या चाकावरून चामड्याचा पट्टा काढ. आता वरचं हातचाक नुसतं हाताने फिरव, सुई वर-खाली होऊ दे. आणि मग वेगळं खाली बसून नुसतं पायडल हलव, मोठं चाक फिरू दे. वरचं सहज फिरतंय आणि खालचं अडतंय असं असेल तर मशिनला काही झालेलं नाही, सगळा दोष स्टँडचा आहे, आणि पुराच्या पाण्यात राहिलेल्या स्टँडचं तसंच होतं. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं ना, त्यात बारीक गाळ असतो, तो पायडलच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार स्क्रूंशी, मोठ्या चाकाच्या आसाशी आणि पायडलपासून चाकाकडे जाणारा जो उभा दांडा असतो त्याच्या वरच्या टोकाशी जाऊन बसतो, वरून गंज चढतो. तेल नुसतं वरून टाकलंस तर तो गाळ तेलात मिसळून आणखी घासतो. त्यामुळे हे सांधे खोलून पुसायला हवेत. पायडल ज्या दोन स्क्रूंवर झुलतं ते जरा सैल करायचे, टोकं कापडाने स्वच्छ करायची, तेल द्यायचं आणि परत आवळायचे, पण इतकेच की पायडल हलेल आणि खडखड वाजणार नाही. जास्त आवळले की परत जड. हे काम मशीनवाल्या काकांकडून करून घे, पण तिथे उभी राहून बघ, कारण पुढच्या वेळी तुझं तुलाच जमेल.

चामड्याचा पट्टा मात्र नवीनच टाक. पुरात भिजून वाळलेलं चामडं कडक होतं, घसरतं, मग घसरू नये म्हणून लोक तो ताणून आखूड करतात आणि ताणला की चाक पुन्हा जड. नवीन पट्टा फार महाग नसतो. पिन मारताना तो चाकावर घसरणार नाही इतपतच घट्ट हवा, तारेसारखा ताठ नको.

आता वरचं मशीन. आधी ते कुठलं आहे हे बघ, कारण पुढचा अर्धा सल्ला त्यावर आहे. सुईखालची सरकती पट्टी उघड. आत गोल बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी, आणि तिची डबी असेल, आपण रोज दुकानातून घेतो तसली बॉबिन, तर तुझं मशीन सिंगरच्या १५ नंबरच्या मॉडेलच्या घराण्यातलं असण्याची दाट शक्यता आहे. ह्याच बनावटीची मशीनं नंतर जपानमध्ये आणि आपल्याकडे लाखोंनी बनली, बॉबिन, डबी, सुई सगळं आजही मिळतं, लुधियान्याला त्याचे पार्ट्स अजून बनतात. पण आत लांबट, नळीसारखी बारीक बॉबिन आणि नावेसारखी किंवा बंदुकीच्या गोळीसारखी शटल, म्हणजे ती बॉबिन धरणारी डबी, निघाली तर मशीन अजून जुनं आहे. ते पण सुंदर शिवतं, पण त्याची शटल आणि बॉबिन शोधावी लागते आणि त्याला मी मोटर लावायला सांगणार नाही, ती शटल पुढेमागे झुलते, तिला वेग सोसत नाही. तसलं निघालं तर घरच्या शिवणाला ठेव आणि ऑर्डरीसाठी वेगळं मशीन बघ, हे मी स्पष्टच सांगते.

उजव्या बाजूला, मशिनच्या पायथ्याशी नंबर कोरलेला असेल. वाय किंवा एफ असलं एकच अक्षर असेल किंवा ई ने सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. १८८५ ला सुरू झालेला तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. म्हणजे बनवणारा कारखाना गेला आणि मशीन तुझ्या घरी चालतंय. आतेसासूबाईंना हा नंबर वाचून दाखव, त्यांना आवडेल.

आणि ह्यावरून आठवलं, कोणी येऊन म्हणालं की जुन्या सिंगरचे लाखो रुपये मिळतात तर अजिबात विश्वास ठेवू नकोस. २००९ मध्ये सौदी अरेबियात अशी अफवा पसरली होती की जुन्या सिंगर मशिनच्या सुईत लाल पारा नावाचा मौल्यवान पदार्थ असतो, लोकांनी वेड्यासारख्या किमती मोजल्या, त्यात काही तथ्य नव्हतं. ही मशीनं इतक्या संख्येने बनली की ती दुर्मीळ नाहीत. त्यांची किंमत आहे ती शिवण्यात.

खालून गुंता होतो म्हटलं की सगळ्याजणी बॉबिनच्या डबीचा स्क्रू फिरवायला लागतात. तो स्क्रू आत्ता हातच लावू नको. गुंता खाली दिसत असला तरी कारण बहुतेक वरच्या दोऱ्यात असतं. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, दोन तबकड्यांच्या मधे नीट बसलेला नसतो, किंवा वर-खाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून ओवायचा राहिलेला असतो, मग वरून दोरा मोकळाच येत राहतो आणि खाली गोळा होतो. दोरा पूर्ण काढ, कापड दाबणारा फूट वर उचल आणि पहिल्यापासून ओव. तबकड्यांमधे पुराआधीचा किंवा नंतरचा कापूस, धाग्याचे तुकडे अडकलेले असतील, एक जाड दोरा त्यांच्या मधून मागेपुढे ओढून ते साफ कर. शिवताना सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेव, हे क्लासमध्ये शिकवतात पण घाईत सगळ्या विसरतात. आणि हातचाक नेहमी आपल्याकडेच फिरायला हवं, पायमशिनवर सुरुवातीला पाय उलटा पडला की चाक मागे जातं आणि हमखास गुंता होतो. बऱ्याच दिवसांनी पायमशिनवर बसलेल्या प्रत्येकीचं हे होतं, आठवडाभरात पायाला कळतं.

एवढं करून पण टीप बरोबर दिसत नसेल तर वेगळ्या रंगाचे दोरे घे, वर लाल खाली पांढरा, आणि सुती कापडाच्या दुहेरी तुकड्यावर शिव. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त आहे, खालच्या बाजूला लाल दिसला तर वरचं कमी आहे. मग वरचं बटण थोडं थोडं फिरव. त्यानेही जमलं नाही तरच डबीकडे जा, बॉबिन घातलेली डबी दोऱ्याला धरून लटकव, आपोआप सरसर खाली आली तर सैल, हलका झटका दिल्यावर थोडीशी घसरून थांबली तर बरोबर.

टाके सुटतात त्याला दहापैकी बऱ्याच वेळा सुई कारण असते. सुई कधी बदललीस ते आठव. आठ तास शिवण झालं की सुई बदलावी असं साधारण धरतात, आणि आपण ती मोडेपर्यंत वापरतो. सुतीला १४ नंबर, जॉर्जेट नि पातळ सिल्कला ११, जीन्सला १६, आणि लेगिंग्ज टीशर्टला बॉलपॉइंट, ती होजिअरी कापडाचा धागा तोडत नाही, बाजूला सरकवते. साध्या सुईने टीशर्ट शिवलास तर टाके सुटणारच, त्यात मशिनचा काही दोष नाही. सुई शेवटपर्यंत वर ढकलून मग स्क्रू आवळ. तुझ्या मशिनला चपट्या दांड्याची घरगुती सुई लागते की गोल दांड्याची हे आधीची सुई दुकानात नेऊन दाखव, काही टेलर मॉडेलना गोल दांड्याची लागते आणि चुकीची सुई बसते खरी पण टाका धरत नाही. दोरा पण चांगला घे, स्वस्त रिळाला हात लावून बघ, मधेमधे गाठी लागतात हाताला.

तेलाचं ऐक. पडून असलेल्या मशिनमध्ये जुनं तेल चिकट होऊन बसतं, आणि मधे कोणी खोबरेल टाकलं असेल तर मग विचारूच नको. रॉकेल मिळालं तर प्रत्येक तेलाच्या भोकात थोडं सोड, पाच-दहा मिनिटं हाताने चाक फिरव, काळं पाणी पुसून घे, मग शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेल. रॉकेल मिळत नसेल तर तेच पातळ तेल भरपूर सोडून रात्रभर ठेव आणि सकाळी पुस. पेट्रोल घरात अजिबात वापरू नको. आणि वरच्या सोनेरी नक्षीवर थिनर, स्पिरिट, ब्रासो काही लावायचं नाही, एकदा ती नक्षी गेली की गेली. कोरडं मऊ कापड आणि मशीनचंच तेलाचं बोट पुरे.

हे सगळं झाल्यावर मशीनवाल्यांना बोलव किंवा वरचं मशीन स्टँडवरून काढून घेऊन जा, आणि त्यांना नुसतं सर्व्हिस करा म्हणू नको. तीन गोष्टी बघायला सांग, बॉबिनजवळचा जो हूक वरचा दोरा पकडतो त्याचं टोक झिजलंय का, खालचे दाते झिजलेत का, आणि सुई नि हूकची वेळ जुळतेय का. दाते झिजले असतील तर कापड सरळ पुढे जात नाही, आपण हाताने ओढतो आणि ओढलं की सुई वाकते, टाके सुटतात, म्हणजे परत तिथेच. हे पार्ट्स बदलता येतात. ते झाल्यावर तुझा स्वतःचा ब्लाउजपीस, अस्तर लावून, त्यांच्यासमोर शिवून बघ. दुकानातल्या कडक कॉटनच्या चिंधीवर कुठलंही मशीन छान शिवतं.

आता मोटर. मी मोटरच्या विरोधात नाही, उलट तुझ्या कामाला ती उपयोगी पडेल असंच मला वाटतं, पण स्टँड हलका झाल्यावर महिनाभर पायाने शिवून मग ठरव. चणियाचा घेर, त्याला खाली लेस, अस्तराचा वेगळा घेर, हे म्हणजे मीटरच्या मीटर सरळ शिवण, त्याला मोटर हवीच. पण ब्लाउजचा गळा, पायपिंग, बाहीचा मुंढा, तिथे एकेक टाका सावकाश टाकायला लागतो आणि तिथे पाय जे ऐकतो ते छोटी मोटर ऐकत नाही. साध्या पेडलच्या मोटरला अगदी हळू चालवलं की तिचा जोर कमी पडतो, जाड शिवणीवर सुई अडते, मग आपण जोरात दाबतो आणि मशीन एकदम पळतं. म्हणून मोटर लावलीस तरी स्टँड आणि पट्टा काढून टाकायचा नाही. घेराला मोटर, गळ्याला पाय. फक्त एका वेळी एकच पट्टा चाकावर ठेव, मोटर चालवताना चामड्याचा उतरवून ठेव नाहीतर मोटर स्टँडचं मोठं चाक पण ओढत बसेल.

मोटर साधारण हजार-दोन हजारात येते. तीन गोष्टींत मात्र ऐकायचं नाही कोणाचं. मशिनच्या मागे चाकाजवळ मोटर बसवायला आट्याचं भोक असतं, ते असेल तरच तिथे बसवायची. नसेल आणि मिस्त्री म्हणाला ड्रिल मारतो तर नाही म्हण, बीड तडकतं, मग त्याला वेल्डिंग करायला जा. दुसरं, लोखंडी मशिनला लावलेली मोटर आहे, अर्थिंग असलेला तीन पिनचा प्लग आणि नीट अर्थिंग असलेलंच सॉकेट हवं, आणि तळमजल्यावर राहताय तर पावसाळ्यात ते सॉकेट उंचावर असू दे. तिसरं, मोटर लावल्यावर पहिल्यांदा दोरा न ओवता चालवून बघ, हातचाक तुझ्याकडेच फिरतंय ना. पायाचं पेडल जरा चांगलं इलेक्ट्रॉनिक घे, ते जुन्या पद्धतीचं तापतं.

दुकानदाराच्या ऑटोमॅटिक मशिनबद्दल तू थेट विचारलं नाहीस पण मनात असणार. त्यात झिगझॅग आहे, काज होतं, वजनाला हलकं, उचलून कपाटात ठेवता येतं. दहा हजारांच्या पुढे जातं. मुलींच्या शाळेच्या प्रोजेक्टला, घरच्या शिवणाला, थोड्याफार फॅन्सी कामाला फारच छान. पण रोज ऑर्डरी, अस्तर, कॅनव्हास, वर जरीची लेस, चार-पाच थर एकत्र, त्यात आतले प्लास्टिकचे गिअर लवकर दमतात, आणि ते गेले की कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं. सरळ टिपेसाठी तुझं सिंगर ठीक चाललं तर त्याच्यापेक्षा ते जास्त काही देणार नाही. म्हणजे तू दहा हजार घालून मुख्यतः झिगझॅग आणि काज विकत घेशील, आणि ब्लाउजला हूक लागतात, काज नाही.

तुझ्याकडे येणारी कामं एकदा कागदावर मांड. ब्लाउज आणि चणियाचोळीला सरळ टीप लागते आणि आतल्या कडा उसवू नयेत म्हणून इंटरलॉक लागतं. लेगिंग्ज आणि टीशर्टच्या शिवणीला ताण सोसणारी टीप लागते, ती पण इंटरलॉकवर चांगली येते. मग दुसरं मशीन घ्यायचंच असेल तर ते इंटरलॉक असायला हवं ना. तीन दोऱ्यांचं छोटं मशीन येतं, कापडाची कड कापत कापत गुंफतं, सेकंडहँड चांगलं मिळालं तरी चालतं, फक्त त्याची पाती बघून घे आणि दुकानात तुझ्या कापडावर चालवून बघ. आत्ता तू ब्लाउज इंटरलॉकला बाहेर पाठवत असशील तर ते पैसे आणि ती फेरी वाचेल, आणि आतून स्वच्छ असलेला ब्लाउज बघून गिऱ्हाईक दोन पैसे जास्त पण देतं. टीशर्टची खालची दुहेरी टीप वेगळ्या मशीनवर होते, ती कामं सरळ नाही म्हणून सांग, सगळी दुरुस्ती आपणच केली पाहिजे असं काही नाही.

केडिया, म्हणजे गरब्याचा चुण्यांचा अंगरखा, किंवा झालरीचा चणिया करणार असशील तर अजून एक, रफलर नावाचा फूट मिळतो, तो चुण्या स्वतः पाडत जातो. तुझं मशीन बुटक्या दांड्याचं, म्हणजे लो शँक असेल तर तो थेट बसतो. हाताने चुण्या पाडायच्या आणि मग शिवायच्या, त्यात जी रात्र जाते ती वाचते. पायपिंगचा फूट, चेनचा फूट, बारीक दुमडीचा फूट, हे पण त्याच मशिनला बसतात, नवीन मशीन घ्यायच्या आधी हे घेऊन बघ. मला विचारशील तर अपग्रेडचा पहिला पैसा मी ह्या फूटांवर घालीन, मोटरवर नंतर.

आणि पुढेमागे कामं इतकी वाढली की दिवसभर शिवायला लागतंय, हाताखाली कोणी मुलगी ठेवायला लागतेय, तर मग मधलं काही न घेता सरळ टेबलवालं पॉवर मशीन घे, जुकी किंवा जॅक कंपनीचं, सर्व्हो मोटरचं. ते मिनिटाला चार-पाच हजार टाके टाकू शकतं, सर्व्होमुळे वेग कमी पण करता येतो आणि आवाज नसतो. पण त्याला जागा लागते, ते उचलता येत नाही, आणि तळमजल्यावर पाणी शिरायची शक्यता असेल तर ती मोटर टेबलखाली लटकलेली असते हे लक्षात ठेव. ते वरच्या मजल्यावरच ठेवायचं. तुझ्या सिंगरचा स्टँडपण ह्यावेळी चार विटांवर ठेव, किंवा जूनमध्येच वर हलव.

आता घरच्यांचं. आतेसासूबाईंना तू विकत नाहीयेस हे आधी सांगून टाक, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल. पण त्याचबरोबर हेही सांग की हे मशीन शोभेला ठेवणार नाही, त्यावर रोज काम होणार आहे, पट्टा बदलेल, दाते बदलतील, कदाचित मोटर बसेल. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटत नाही. महाराणी चिमणाबाईंनी १९१४ साली स्त्री उद्योगालय काढलं ते बायकांच्या हाताला काम मिळावं, चार पैसे मिळावेत म्हणूनच ना, आणि तुझ्या आजेसासूबाई तिथे शिकल्या. त्यांच्या मशिनवर त्यांची नातसून ऑर्डरी घेते ह्यात कोणी नाराज व्हायचं कारण नाही. आतेसासूबाईंना बोलव एकदा, त्यांनी लहानपणी आईला ते चालवताना बघितलंय, बॉबिन कशी भरायच्या, कुठला दोरा वापरायच्या, त्यांच्याकडे मशिनची डबी, जुने फूट, स्क्रूड्रायव्हर पडलेले असतील तर ते पण मिळतील. सिंगरबरोबर जोडकामाच्या फूटांचा डबा यायचा, अशा डब्यात रफलर पण असतो पुष्कळदा. तो कुठल्यातरी माळ्यावर असेल.

मिस्टरांना म्हण मोटर दिवाळीनंतर. तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण आधी स्टँड. त्यांना हाताशी घे, पायडलचे स्क्रू नि चाकाचा आस साफ करायला दोन माणसं लागतातच.

आणि वेळेचं बघ. नवरात्र तोंडावर आलं की बडोद्यातला प्रत्येक मशीनवाला, इंटरलॉकवाला, लेसवाला, कोणीच मोकळा नसतो. जे करायचं ते श्रावणात उरकून घे, गणपतीच्या आधी मशीन चालू झालेलं असू दे, आणि ऑर्डरीच्या दिवसांत नवीन मशीन घरात आणू नकोस, नवीन मशिनचा हात बसायला वेळ लागतो आणि गिऱ्हाइकाच्या महाग कापडावर तो हात बसवायचा नाही. पहिल्या वर्षी चणियाचोळ्या मोजक्याच घे, अॅडव्हान्स घेऊन घे, आणि घटस्थापनेच्या आठ दिवस आधी नवीन माप घेणं बंद कर, नंतर फक्त फिटिंग.

बॉबिन गोल निघाली की लांबट, आणि नंबरचं अक्षर कुठलं, तेवढं कळव. लांबट निघाली तर शटल कशी तपासायची ते वेगळं लिहीन.

तुझी ताई